पांडाचे ताट आणि नकाशावरचा बांबू

2020 च्या मे महिन्यात कॅनडातल्या कॅलगरी प्राणिसंग्रहालयाने आपल्याकडचे दोन पांडा मुदतीच्या बरेच आधी चीनला परत पाठवण्याचे जाहीर केले. भांडण नव्हते, पैशाची चणचणही नव्हती. या जोडीचा ताजा बांबू चीनहून विमानाने येई. करोनामुळे उड्डाणे थांबली आणि खाण्याचीच पंचाईत झाली. नोव्हेंबरमध्ये दोघेही मायदेशी पोहोचले.

दोन जनावरांपायी एवढी धावपळ, तर सिचुआन, शानशी आणि गान्सूच्या डोंगरांत मोकळ्या राहणाऱ्या पांडांच्या खाण्याचा हिशेब कसा लावायचा? 2015 मध्ये जाहीर झालेल्या चौथ्या राष्ट्रीय गणनेत ते 1,864 भरले; आधीच्या गणनेत 1,596 होते. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने पांडाला धोक्याच्या एका पायरीने खाली आणले आणि जगभर आनंद झाला. पण त्याच घोषणेत एक इशाराही होता: हवामानबदलामुळे येत्या 80 वर्षांत पांडाच्या बांबू-अधिवासाचा 35 टक्क्यांहून अधिक भाग नष्ट होऊ शकतो. गणनेचा आकडा लक्षात राहिला, इशारा मागे पडला.

पांडाचा आहार जवळपास 99 टक्के बांबूचाच, आतडे मात्र मांसाहारी पूर्वजांचे, आखूड. खाल्लेल्यातला जेमतेम पाचवा हिस्सा अंगी लागतो. त्यामुळे दिवसाचा निम्मा वेळ चावण्यात जातो आणि रोज 12 ते 38 किलो बांबू पोटात ढकलावा लागतो. सरासरी 15 किलो धरली, तरी 1,864 पांडांना वर्षाला सुमारे दहा हजार टन पुरेत. मोठ्या कागद गिरणीला लागणाऱ्या मालापुढे हा आकडा किरकोळ आहे. नुसत्या वजनाने पाहिले, तर डोंगर भरून खाणे आहे आणि काळजीचे कारण नाही.

फसगत होते ती इथेच.

बांबू वर्षानुवर्षे हिरवा राहतो आणि एखाद्या हंगामात डोंगरभर एकदम फुलतो, बी टाकतो नि मरतो. 1970 च्या दशकाच्या मध्यावर मिनशान पर्वतात असा फुलोरा आला, त्यानंतर किमान 138 पांडा मेलेले सापडले. 1983 मध्ये सिचुआनमधल्या वोलाँग अभयारण्यात उंचावरचा बांबू फुलला, तेव्हा देशोदेशी मदतनिधी उभे राहिले आणि उपाशी समजून पांडा पकडले जाऊ लागले. त्या काळात तिथे चिनी पांडा-संशोधक हू जिनचू यांच्याबरोबर काम करणारे प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर मात्र या घबराटीवर नाराज होते. वोलाँगचे पांडा उतारावर खाली सरकले आणि तिथला दुसऱ्या जातीचा, न फुललेला बांबू खाऊ लागले. शॅलर यांच्या मते खरा धोका शिकाऱ्यांचा आणि तुटणाऱ्या जंगलाचा होता; ‘वाचवून’ पिंजऱ्यात टाकलेला पांडा जंगलाच्या दृष्टीने गेल्यातच जमा.

दोन्ही ठिकाणी बांबू मेला, पण एका ठिकाणी पांडा तगले. म्हणून मोजायचे ते एवढेच की पहिला बांबू गेल्यावर दुसरा कुठे आहे आणि तिथवर वाट मोकळी आहे का. खालच्या दरीत शेती, रस्ता, गाव असेल तर वरचा हजारो टन बांबूही हमी देत नाही. चौथ्या गणनेने पांडांचे 33 वेगवेगळे, तुटलेले गट दाखवले. त्यातल्या लहान गटाच्या वाट्याला एकाच जातीचा बांबू असेल, तर तिथला पुढचा फुलोरा म्हणजे संकटच.

बरे, पांडा खाण्याच्या बाबतीत चोखंदळही आहे. चिनलिंग पर्वतातल्या पांडांच्या गळ्यात जीपीएस पट्टे बांधून संशोधकांनी त्यांच्या मागावर राहून पाहिले. वसंतात ते खालच्या बांबूचे कोवळे कोंब खातात, कारण त्यात नत्र आणि स्फुरद भरपूर. कोंब जून झाले की उन्हाळ्यात वर चढून दुसऱ्या जातीचे कोंब धरतात. त्यात कॅल्शियम कमी पडते, म्हणून जुलैत त्याच बांबूच्या पानांवर येतात. पिल्ले जन्मण्याच्या सुमारास पुन्हा खाली. ‘इतके हेक्टर बांबू’ असे सांगणाऱ्या अहवालात यातले काय दिसते?

हे हेक्टर उपग्रहाच्या छायाचित्रांवरून मोजायचे, तर आणखी एक अडचण आहे. हा बांबू उंच झाडांच्या सावलीत वाढतो, त्यामुळे वरून झाडेच दिसतात. पानगळीच्या जंगलात हिवाळ्याच्या छायाचित्रांत सदाहरित बांबू ओळखता येतो. सदाहरित सूचिपर्णी झाडांखाली ती सोय नाही. तिथे माणसाला चढून जावे लागते, चौकटी आखून कोंब, यंदाची काठी, जुनी काठी, वाळलेली काठी वेगवेगळी मोजावी लागते. काम कंटाळवाणे, शिवाय त्याचे फोटो कुणी छापत नाही.

असल्या मोजणीत चूक झाली की काय होते, हे आपल्या शेजारीच घडले आहे. 1970 च्या दशकात पुण्याचे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ उत्तर कन्नडमधल्या बांबूच्या ऱ्हासाचा अभ्यास करायला गेले. कागद गिरणीला बांबू तोडू देताना सरकारी दप्तरात धरलेला साठा प्रत्यक्षापेक्षा कित्येक पटींनी फुगवलेला निघाला. त्यातच बेटे नीट वाढावीत म्हणून जंगल खात्याने बुंध्याजवळचे काटेरी जाळे साफ करायला लावले होते. कोंब उघडे पडले आणि गुरांनी, रानडुकरांनी खाऊन टाकले. गावकऱ्यांना हे आधीपासून माहीत होते.

चीनने 2021 मध्ये सुमारे 22 हजार चौरस किलोमीटरचे पांडा राष्ट्रीय उद्यान उभे केले, ते स्वागतार्हच. मात्र तुटलेले पट्टे जोडताना एकाच जातीची लागवड करून भागणार नाही. वेगवेगळ्या उंचीवर किमान दोन जाती हव्यात, मधली वाट हवी आणि मादीला पिल्लू ठेवण्याजोगी ढोलीची जुनी झाडेही हवीत. पुढची गणना जाहीर होईल तेव्हा पांडांच्या आकड्याशेजारी प्रत्येक गटाच्या वाट्याला किती जातींचा बांबू आहे आणि तो शेवटचा केव्हा फुलला होता, हेही छापले गेले पाहिजे. त्याशिवाय पांडा सुरक्षित झाल्याच्या बातमीवर विश्वास ठेवायचे कारण नाही.