थंडीतला ताप आणि शाळेची हजेरी

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरल्या की वर्गावर्गात खोकल्याचा आवाज वाढतो. सर्दी, फ्लू, कांजिण्या, गालगुंड, गोवर हे आजार काही नवे नाहीत. तरीही अर्धा वर्ग आजारी पडल्यावरच आपल्याकडे धावपळ सुरू होते. जे येणार हे ठाऊक आहे, त्याची तयारी आधी का होत नाही, हा खरा प्रश्न आहे.

२०२२ च्या हिवाळ्याच्या तोंडावर मुंबईतल्या गोवंडीत गोवराची साथ आली. भिवंडी आणि मालेगावातही ती पोहोचली. लहान मुलं दगावली. त्यावेळी सर्रास ऐकू आलेलं वाक्य होतं, "हे लोक लसच घेत नाहीत." यात अर्धंच सत्य आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यात गोवर-रुबेला लसीची मोहीम शाळाशाळांतून राबवली गेली, तेव्हा मोबाईलवरच्या अफवांना बळी पडून काही पालकांनी नकार दिला, हे आपण मान्य करायला हवं. पण कोरोनाच्या काळात नेहमीचं लसीकरण विस्कळीत झालं, त्याचा दोष आईबापांवर कसा टाकणार? एका खोलीत सात-आठ माणसं, खेळती हवा नाही, पोषण अपुरं. अशा घरात आजार शिरला की तो एकट्या मुलावर थांबत नाही.

गोवराचं गणित समजून घेण्यासारखं आहे. अंगावर पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून ते पुरळ आल्यानंतर चार दिवसांपर्यंत मूल दुसऱ्यांना आजार देऊ शकतं. बंद खोलीच्या हवेत हा विषाणू दोन तासांपर्यंत टिकतो. म्हणजे शिक्षकांच्या लक्षात येईपर्यंत मूल वर्गात बसून गेलेलं असतं. त्यामुळे साथ आल्यावर शाळा बंद करणं हा उपाय उशिराचाच. शंभरातल्या निदान पंचाण्णव मुलांना लसीचे दोन्ही डोस मिळालेले असले, तरच साथ रोखता येते.

लस प्रत्येक आजारावर नाही. साध्या सर्दी-खोकल्यात आजारी मूल घरी थांबणं, हात धुणं आणि खिडक्या उघड्या ठेवणं हेच कामाला येतं. पण आपली व्यवस्था नेमकी उलटी चालते. शंभर टक्के हजेरीला बक्षीस मिळतं, म्हणून ताप असलेलं मूलही शाळेत येतं. यंत्रमागावर किंवा रोजंदारीवर जाणाऱ्या बापाने खाडा केला की त्या दिवसाची मजुरी गेली. आई घरकामाला जाते, तिलाही रजा नाही. मग सकाळी तापाचं औषध पाजून मुलाला शाळेत धाडलं जातं. औषधाचा असर दुपारपर्यंत. शिवाय शाळेतलं दुपारचं जेवण चुकवणं अनेक घरांना परवडत नाही. हा केवळ निष्काळजीपणा नाही, ही मजबुरी आहे.

म्हणून आमचं म्हणणं असं की नुसत्या सूचनांचे कागद वाटून भागणार नाही, शाळेचे नियम बदलावे लागतील. हजेरीची बक्षिसं बंद करा. आजारपणातली गैरहजेरी वेगळी नोंदवा, बुडालेला अभ्यास भरून काढा. आजारी मुलाच्या वाट्याचा शिधा घरी पोहोचेल अशी सोय करा. नळाला पाणी आणि बेसिनजवळ साबण रोज आहे का, हे कुणीतरी एकाने रोज बघावं. थंडी असली तरी प्रत्येक वर्गाच्या समोरासमोरच्या खिडक्या थोड्या उघड्या राहू द्या. मुलांची लसीची कार्डं आत्ताच तपासा आणि राहिलेल्या डोसांची यादी जवळच्या आरोग्य केंद्राला द्या.

हे करून घ्यायचा मार्गही आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी आणि पालिकेच्या शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. सहीपुरतं जाण्याऐवजी पालकांनी पुढच्याच बैठकीत हा विषय मांडावा.

मोहल्ल्याचीही जबाबदारी आहे. जुम्याच्या नमाजनंतर इमामसाहेबांनी लसीच्या तारखेबद्दल दोन शब्द सांगितले, तर आशाताईंच्या दहा फेऱ्या वाचतात. मदरशातली मुलंही याच हवेत श्वास घेतात, त्यांच्या कार्डांची तपासणी शाळेसोबतच व्हायला हवी. आणि शेजारचं मूल तापाने फणफणलं असेल, आई कामावर असेल, तर दिवसभर त्याच्याकडे लक्ष ठेवणं हे शेजाऱ्याचं कामच आहे.

गोवंडीत साथ पसरल्यावर सरकारने घरोघरी पथकं पाठवली. हीच धावपळ थोडी आधी झाली, तर काही घरांचा आक्रोश टळू शकतो. थंडी दारात आहे, यंदा निदान तिच्या आधी उठू या.