विक्रमी महामार्ग सोडून पांदणीला लागू या! वऱ्हाडात ग्रॅव्हल सायकलिंगची वाट कुठे अडते?

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला दरम्यान राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटर लांबीच्या एका मार्गिकेचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं. गिनीज बुकात विक्रमाची नोंद झाली. आजही हा महामार्ग सोडून एखाद्या गावाच्या पांदणीला लागा. पावसाळ्यात तिथे ट्रॅक्टर फसतो, बैलगाडी आसापर्यंत रुतते आणि माणूस चप्पल हातात घेऊन वावरात जातो.

या पांदणींकडे जगभर वाढत असलेल्या एका छंदाच्या नजरेतूनही बघायला हवं. तो छंद म्हणजे ग्रॅव्हल सायकलिंग. वऱ्हाडात ते जमू शकतं आणि जमायला हवं, असं माझं मत आहे. फक्त एक अट आहे. पांदणीवर पहिला हक्क शेतकऱ्याचा.

ग्रॅव्हल सायकल म्हणजे नेमकं काय?

दिसायला ती रेसिंग सायकलसारखीच असते, वळलेल्या हँडलची. फरक आहे तो टायरमध्ये. रोड सायकलचा टायर साधारण २५ ते २८ मिलिमीटर रुंद, तर ग्रॅव्हलचा ३५ ते ५० मिलिमीटर. सोबत डिस्क ब्रेक आणि चढासाठी हलके गिअर.

खरी गंमत हवेच्या दाबात आहे. टायरमध्ये जेवढा दाब, साधारण तेवढाच दाब तो जमिनीवर टाकतो. रोड सायकलमध्ये ८० ते १०० पीएसआय हवा भरतात, ग्रॅव्हलमध्ये ३० ते ४०. त्यामुळे चाक मुरमात कमी रुततं आणि हादरेही कमी बसतात. रुंद चाकात कमी हवा ठेवली की जड ट्रॅक्टरही मऊ जमिनीवर चालतो, तेच हे तत्त्व. उलट बैलगाडीची लोखंडी धाव अरुंद असते, म्हणून ती जमीन कापत जाते आणि चाकोरी पडते.

यात द्राक्षबागा कुठून आल्या?

इटलीतल्या टस्कनीमधून. तिथल्या कियांती या वाइनसाठी प्रसिद्ध असलेल्या भागात पांढऱ्या मुरमाचे जुने रस्ते आहेत. ते एकेक करून डांबराखाली जाऊ लागले, तेव्हा १९९७ मध्ये गायोले या गावातून ‘लेरोइका’ नावाची सायकल फेरी सुरू झाली. जुन्या सायकली काढायच्या, कच्च्या रस्त्यांवरून जायचं आणि हे रस्ते वाचवा असं सांगायचं, एवढाच हेतू. पहिल्या वर्षी शंभरही लोक नव्हते. आज तिथे फलक लावलेला सुमारे २०० किलोमीटरचा कायमस्वरूपी मार्ग आहे. २००७ पासून त्याच भागात ‘स्त्रादे बियांके’ ही व्यावसायिक शर्यत होते. या नावाचा अर्थच मुळी ‘पांढरे रस्ते’. पुढे २०२२ मध्ये ग्रॅव्हल सायकलिंगची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धाही इटलीतच झाली.

म्हणजे तिथे पर्यटन नंतर आलं. आधी लोकांनी आपला कच्चा रस्ता मोलाचा मानला.

वऱ्हाडात काय आहे?

द्राक्षबागा आणि वाइनरी बघायच्या तर नाशिक गाठावं लागेल. पण वरुड-मोर्शी पट्ट्याला ‘विदर्भाचा कॅलिफोर्निया’ म्हणतात ते उगाच नाही. नागपुरी म्हणून देशभर विकला जाणारा बराचसा संत्रा अमरावती जिल्ह्यात पिकतो. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात, तेव्हा मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूरकडच्या शिवारांत त्यांचा वास भरून राहतो.

वेलीच हव्या असतील तर अंजनगाव सुर्जी आणि अकोट भागात पानमळे आहेत, पानपिंपरी आहे. मोर्शी तालुक्यातच महानुभावांचं रिद्धपूर आहे. उत्तरेला सातपुडा सतत सोबतीला असतो. दोन्ही जिल्ह्यांत एका दमात २००-३०० किलोमीटरच्या ब्रेव्हे करणारे सायकलस्वारही आहेत. पण ते डांबरी रस्त्यावर, ट्रकच्या शेजारून चालवतात. महागडी ग्रॅव्हल सायकल हवीच असंही नाही. रुंद टायरची साधी हायब्रिड किंवा एमटीबी सुरुवातीला पुरते.

मग अडतं कुठे?

एक, मातीत. वऱ्हाडची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. ओल्या पांदणीत ती चाकाला अशी चिकटते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. फुगणाऱ्या मातीवर नुसता पातळ सिमेंटचा थर ओतला तर तो तडकतो. थर दाबून घातलेली खडी आणि मुरूम, मधे उंचवटा आणि दोन्ही बाजूंनी नाली, हा जास्त टिकाऊ उपाय. दुरुस्तीही गावातच होते. शेतकऱ्याला असाच रस्ता हवा आहे. सायकलस्वारालाही नेमका हाच हवा आहे.

दोन, अतिक्रमणात. दरवर्षी नांगराचा एक-एक तास पांदणीत सरकतो. गावनकाशावर तुटक दुहेरी रेषेने दाखवलेला गाडीमार्ग प्रत्यक्षात धुऱ्याएवढा उरतो.

कायदा आहे. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दाद मागता येते. रस्ताच नसेल तर जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४३ नुसार धुऱ्यावरून रस्ता मागता येतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनाही आली. पण शेजाऱ्याशी वैर घेऊन तारखा करणं सोपं नसतं. मग तोडलेला संत्रा वाहनापर्यंत डोक्यावर न्यावा लागतो आणि ही जास्तीची मजुरी बागवानाच्याच माथी बसते.

सायकलस्वार काय करू शकतो?

प्रत्येक फेरीचा जीपीएस ट्रॅक तो आजही फोनमध्ये ठेवतोच. तो ट्रॅक गावनकाशावर ठेवला की पांदण कुठे सलग आहे, कुठे काटेरी कुंपणाने तुटली आणि कुठे नाल्यात बुडाली, हे एका चित्रात दिसतं. असे नकाशे फोटोंसह ग्रामसभेत आणि तहसील कार्यालयात द्यावेत. एकट्या शेतकऱ्याच्या अर्जाला त्यातून आधार मिळेल. तीन-चार गावांच्या खुल्या झालेल्या पांदणी जोडून ३०-४० किलोमीटरचा एक मार्ग करावा, फलक लावावेत, चहा-नाश्ता गावातच घ्यावा. सुरुवातीला एवढं पुरे.

जाण्याआधी हे लक्षात ठेवा

• नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा योग्य काळ. पावसाळ्यात ओल्या पांदणीवर सायकल नेऊ नका, चाकोऱ्या खोल होतात.
• बैलगाडी, ट्रॅक्टर आणि जनावरांना आधी वाट द्या.
• रोही-रानडुकरांसाठी लावलेल्या तारांना हात लावू नका, त्यात करंट असू शकतो.
• न विचारता संत्रा तोडू नका. फवारणी सुरू असलेल्या बागेजवळ थांबू नका.
• मेळघाट व्याघ्र प्रकल्प आणि नरनाळा परिसरातल्या जंगलवाटांवर परवानगीशिवाय जाऊ नका.

उद्या वऱ्हाडात ‘ऑरेंज ट्रेल’ नावाचा चकचकीत प्रकल्प जाहीर झाला, तर एकच प्रश्न विचारायचा: या रस्त्याने जुलै महिन्यात शेतकऱ्याची गाडी जाते का? जात असेल, तर हिवाळ्यात सायकली आपोआप जातील. जात नसेल, तर तो ट्रेल फोटोपुरता.