नाटक सांगलीहून मुंबईस गेले

संपादक महाशयांस,


लहान गावच्या महाविद्यालयांतील नाट्य, नृत्य व गायन हे पुण्या-मुंबईच्या रंगभूमीचे उसने अनुकरण असून त्यावरील खर्च वायफळ होय, असे जे प्रतिपादन आपल्या गेल्या अंकातील लेखात झाले, त्यातील पहिले विधान इतिहासास धरून नाही. विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ १८४३ साली सांगली संस्थानात, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने, रंगभूमीवर आणले. मुंबईकरांनी त्यांचे खेळ पाहिले ते त्यानंतर दहा वर्षांनी, १८५३ मध्ये. तेव्हा अनुकरण कोणी कोणाचे केले, हे लेखकाने पुनश्च तपासावे.

खर्चाचे म्हणाल, तर ज्या महाविद्यालयात मी हयात घालविली तेथील पडदा वसतिगृहाच्या जुन्या चादरी जोडून शिवलेला होता, आणि तबल्याचे गट्टे हातोडीने ठोकीत पेटीच्या काळी एकशी सूर मिळविणारा विद्यार्थी दिवसा गुऱ्हाळावर राबून येत असे. त्याचा स्वर जुळला की तालमीची खोली आपोआप निःशब्द होई. या खर्चाची तरतूद गैरवाजवी ठरविण्यापूर्वी लेखकाने एखादी तालीम समक्ष पाहावयास हवी होती.

मुलींच्या नृत्यावरील त्याच लेखातील आक्षेप तर मला मुळीच मान्य नाही. घुंगरांचे चाळ बांधून प्रथमच सभेपुढे उभ्या राहणाऱ्या मुलीस जे धैर्य लाभते, ते वर्गातील माझ्या कोणत्याही व्याख्यानाने दिलेले नाही.

उद्घाटनाची भाषणे लांबतात, ही लेखकाची एक तक्रार मात्र रास्त आहे.

कळावे.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक