बाकावरच्या गड्याची किंमत

प्रो कबड्डीच्या लिलावात दुसऱ्या-तिसऱ्या चढाईपटूला जी किंमत मिळते ती चुकीची आहे. थोडीथोडकी नाही, मुळातच चुकीची. संघमालक एका नावावर थैली रिकामी करतात आणि उरलेल्या चिल्लरमध्ये बाक भरतात. मग हंगामाच्या मध्यावर त्या नावाचा गुडघा गेला की कपाळाला हात लावून बसतात. मी नाशिकच्या पंचवटीत मातीवर खेळलो, हल्ली संध्याकाळी पोरांना शिकवतो, आणि हा मूर्खपणा वर्षानुवर्षं बघतो आहे.

हिशेबच मांडतो. २०२३च्या ऑक्टोबरात झालेल्या दहाव्या हंगामाच्या लिलावात एका संघाला खर्चाची मर्यादा होती ५ कोटी. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६०.५ लाख मोजले. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा एका माणसावर. उरले २ कोटी ३९.५ लाख, आणि संघात खेळाडू हवेत किमान १८. बाकीच्या १७ जणांच्या वाट्याला सरासरी १४ लाख. पवनच्या खेळाबद्दल माझ्या मनात आदरच आहे, त्याने त्या हंगामातही ढिगाने गुण आणले. पण टायटन्स २२ सामन्यांतले २ जिंकले आणि तळाला राहिले. दोष पवनचा नाही. दोष थैली धरून बसलेल्यांचा.

आणि हे त्यांना आधी कळायला हवं होतं, कारण धडा एक वर्ष जुना होता. नवव्या हंगामात तामिळ थलैवाजने याच पवनला २ कोटी २६ लाखांना घेतलं, आणि पहिल्याच सामन्यात तो जखमी होऊन हंगामाबाहेर गेला. सगळ्यांनी थलैवाजला मोडीत काढलं. तेव्हा नरेंदर नावाचा पदार्पणाचा पोरगा उभा राहिला, त्याने चढाईत २४० हून अधिक गुण मिळवले आणि संघ उपांत्य फेरीत गेला. तिथे त्यांना हरवलं कुणी? पुणेरी पलटणने, ३९-३७. आणि पलटणकडेही त्या दिवशी अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे दोन्ही मुख्य चढाईपटू नव्हते. पंकज मोहितेने १६ गुण काढले. उपांत्य सामन्यात दोन्हीकडून दुसरी फळीच लढत होती. तरी पुढच्या लिलावात बोली कशावर लागली? पुन्हा नावावरच.

दुसरी फळी एवढी मोलाची का, याचं कारण खेळातच आहे. इतर काही खेळांत मुख्य गडी दमला की बसतो आणि प्रशिक्षकाने हाक मारली की उठतो. कबड्डीत तो बाद होऊन बसतो, आणि परत कधी उठणार हे त्याच्या हातात नसतं. मागच्या कुणीतरी समोरचा गडी बाद करून गुण आणला की तो जिवंत होतो. दुसऱ्या चढाईपटूने आणलेला तो एक गुण फलकावर एकच दिसतो, पण त्याने कोट्यवधींचा माणूस मॅटवर परत येतो. शिवाय दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणा नाहीतर बाद व्हा. संघाचा हुकमी गडी बाहेर असताना ती तिसरी चढाई कुणाच्या गळ्यात पडते? बाकावरून आलेल्याच्या. सगळ्यात अवघड काम त्याच्याकडे, आणि लिलावात त्याची लायकी एकूण गुणांवरून ठरवायची! ज्याला हंगामात तुम्ही चढायलाच थोडं दिलं, त्याचे एकूण गुण कमी असणारच. किती चढायांत किती गुण, तिसऱ्या चढाईत किती वेळा यश, मुख्य गडी बाहेर असताना त्याला किती लवकर उठवलं, हे मोजा.

गेल्या हिवाळ्यात नाशिकजवळच्या एका गावात रात्रीची स्पर्धा होती. आमच्या बाजूचा एक पोरगा, डाव्या गुडघ्याला उसवलेली निकॅप, पूर्वार्धभर रेषेबाहेर उकिडवा बसून होता. उत्तरार्धात मुख्य चढाईपटू बाद झाला, आणि तिसरी चढाई त्याच्यावर आली. त्याने तळहाताला माती चोळली आणि गेला. निदानरेषा ओलांडली, डाव्या कोपऱ्यातला बचावपटू घोट्यावर झेपावला. पोराने पाय काढला, जाताजाता त्याच्या खांद्याला हात लावला आणि मध्यरेषेवर पालथा पडला. बोटं रेषेपलीकडे होती. मुख्य गडी उठला, पुढच्याच चढाईत दोघांना घेऊन आला, सामना फिरला. बक्षीस समारंभात उत्कृष्ट चढाईपटूचा मिक्सर मुख्य गड्याला. या पोराला आयोजकांनी परतीचं भाडंसुद्धा दिलं नाही. मी भांडलो. उत्तर मिळालं, "त्याने एकच तर पॉइंट काढला."

लासलगावच्या व्यापाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. लाल कांदा आला तसा विकावा लागतो, उन्हाळ कांदा चाळीत टिकतो. चैत्रात उन्हाळाला भाव नसतो, पण दसऱ्याच्या तोंडावर ज्याच्या चाळीत माल शिल्लक, त्याच्या दारात लोक उभे राहतात. कबड्डीचे मालक मात्र चाळ बांधायलाच तयार नाहीत.

बास्केटबॉलमध्ये कॅनडाच्या टोरंटो रॅप्टर्सने अशी चाळ बांधली. फ्रेड व्हॅनव्लीटला २०१६च्या खेळाडू निवडीत एकाही संघाने घेतलं नव्हतं. २०१८ मध्ये, तो बाकावरूनच मैदानात येत असताना, टोरंटोने त्याच्याशी दोन वर्षांचा १ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला. पुढच्याच वर्षी अंतिम मालिकेच्या सहाव्या सामन्यात त्याने २२ गुण केले, त्यातले १२ शेवटच्या सत्रात, आणि विजेतेपद टोरंटोला गेलं.

बाक भरला की करंडक नक्की, असं मी म्हणत नाही. दहावा हंगाम जिंकलेली पलटण अकराव्यात अस्लम जखमी झाल्यावर बाद फेरीतही पोहोचली नाही. मुख्य गडी तो मुख्य गडीच. पण त्याची भरपाई शून्यातून होत नाही, ती आधी विकत घेऊन ठेवावी लागते. आमच्या नाशिकचा आकाश शिंदे पलटणमध्ये अस्लम, मोहित, पंकज यांच्या गर्दीतून वाट काढत मोठा झाला, आणि २०२३ मध्ये हांगझोऊला आशियाई सुवर्ण जिंकलेल्या १२ जणांच्या भारतीय संघात होता. दुसऱ्या फळीतून काय निघतं, याचा पुरावा बघायला आम्हाला लांब जावं लागत नाही.

मालक माझं ऐकणार नाहीत. पण जिल्ह्यातल्या प्रत्येक मंडळाला, प्रत्येक प्रशिक्षकाला माझं सांगणं आहे. गुणलेखकाच्या वहीत एक रकाना वाढवा. तिसरी चढाई कुणी केली आणि तिच्यानंतर बाहेरचा गडी उठला का, एवढंच त्यात लिहा. उद्या कुणी आपल्या पोराला चिल्लरमध्ये गुंडाळायला आला, तर ती वही त्याच्यापुढे टाका.