दाब… धर… सोड!

आमच्या गाडीचे हप्ते दोघांच्या पगारातून गेले, लायसन्स दोघांकडे आहे आणि रोज ती चालवते मी. पण बोनेट उघडायची वेळ आली की गाडी आपोआप नवऱ्याची होते. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात खटकण्यासारखं काही आहे, हेच मला कळत नव्हतं.

अधूनमधून एखाद्या रविवारी तो ब्रेकमधली हवा काढायला घ्यायचा. गाडी जुनी, साधी आहे, त्यामुळे हे काम घरी होतं. माणसं मात्र दोन लागतात. एक चाकाशी पाना घेऊन, दुसरं आत पेडलवर. आत अर्थातच मी. बाहेरून हुकूम यायचे – दाब, धर, सोड. मी दाबायची, धरायची, सोडायची. का, ते मी कधी विचारलं नाही, त्यानं कधी सांगितलं नाही. कोणी आलंच तर तो म्हणायचा, "ब्रेकचं काम काढलंय, ही थोडी मदत करतेय." मीही हसून मान डोलवायची.

मागच्या वर्षी आईला घेऊन पाचगणीहून वाईकडे पसरणीचा घाट उतरत होते. निम्म्या घाटात पेडल पायाखाली मऊ लागायला लागलं, नेहमीपेक्षा खोल जाऊ लागलं. माझ्या मनात पहिला विचार काय आला? 'माझंच काहीतरी चुकतंय.' मैत्रिणींनो, आई शेजारी बसलेली, एका बाजूला दरी, आणि मी गाडीवर नाही, स्वतःवर शंका घेत होते! त्या शंकेपायी आणखी दोन वळणं तशीच उतरले. मग गिअर खाली टाकत गाडी कशीबशी कडेला थांबवली.

बऱ्याच वेळानं हळूहळू वाईत पोचले आणि एका गॅरेजमध्ये गेले. तोवर पेडल पुन्हा घट्ट लागत होतं. मेकॅनिकनं एकदा दाबून पाहिलं आणि म्हणाला, "काही नाही ताई, घाटात लेडीजना भीती वाटतेच. साहेबांना फोन लावून द्या." माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण मला माहितीच नव्हती.

ती माहिती फार अवघड नाही. द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर नळीतल्या ऑइलमधून थेट चाकापर्यंत पोचतो. हवा मात्र दाबली जाते. नळीत बुडबुडे असले की पायाचा जोर ते दाबण्यात वाया जातो. शिवाय ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ३ प्रकारचं ऑइल नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, पण पुरेशी ओल शोषली की ते १४० अंशांच्या आसपासही उकळू शकतं. घाटात सतत ब्रेक दाबून ते तापतं, त्यात वाफ धरते, पेडल मऊ होतं. थंड झालं की वाफ विरते आणि पेडल पुन्हा घट्ट. म्हणजे माझा पाय खरं सांगत होता. त्याच्यावर विश्वास ठेवायला मला कोणी शिकवलं नव्हतं, इतकंच.

पुढच्या रविवारी मी पाना मागून घेतला. नवरा पेडलवर बसला. निपलला पारदर्शक नळी लावली, तिचं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवलं. त्यानं पेडल दाबून धरायचं, मी निपल सैल करायचं, बुडबुडे बाहेर पडले की घट्ट करायचं, आणि मगच त्यानं पाय उचलायचा. तिसऱ्या खेपेला त्याचा फोन वाजला आणि निपल बंद व्हायच्या आत त्यानं पाय काढला. हवा परत आत! ते चाक पुन्हा पहिल्यापासून. तो वैतागून म्हणाला, "अगं, मी नुसती मदत करतोय." मी म्हटलं, "नाही. तू अर्धं काम करतोयस. आणि आजवर ते अर्धं काम मी करत होते."

या 'मदत' शब्दापाशी मला थांबायचं आहे. शेतात खुरपणारी, दुकान सांभाळणारी, करघ्यावर सूत भरून देणारी बाई आजही 'मदत'च करते. १९९१ च्या जनगणनेत घरच्या शेतीवरचं आणि घरच्या धंद्यातलं बिनमोल कामही 'काम' धरावं, असं प्रश्नातच लिहावं लागलं. शेकडो वर्षं चाललेलं काम दिसायला एवढा खटाटोप! मदत म्हटलं की मोबदला नाही आणि श्रेयही नाही. शिवाय मदतनिसाला कारण सांगायची गरज नसते, हुकूम पुरतो. श्रम बाईचे आणि ज्ञान पुरुषाचं, ही वाटणी अशी अगदी घरातल्या अंगणात होते.

गटात मी हे सांगितलं तेव्हा एक मैत्रीण म्हणाली, "गाडीवालीचं दुखणं आहे हे." खरं आहे. पण १९९० च्या दशकात उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्या कार्यक्रमातल्या खेड्यातल्या बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. पाणी भरायचं बाईनं आणि पंप दुरुस्त करायचा पुरुषानं, ही वाटणी त्यांनी मोडली. पाना तोच आहे, यंत्र तेवढं वेगळं.

दुसरीनं विचारलं, "म्हणजे आणखी एक काम बाईच्याच गळ्यात?" हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. सगळं आपणच करावं असं माझं म्हणणं नाही. पण करून घ्यायचं तरी काय ते कळायला हवं. 'साहेबांना बोलवा' म्हणणाऱ्याला 'ऑइल कधी बदललं होतं ते मलाच विचारा' असं सांगता यायला हवं.

आपल्या शिबिरांतून कायदा, आरोग्य, आपलं शरीर यांची सत्रं आपण घेतो. एक सत्र पान्याचंही ठेवू या. जपून अर्थातच. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जायचं नाही, घोडी लावायचीच. काढलेलं ऑइल परत वापरायचं नाही. वरच्या डबीतलं ऑइल संपू द्यायचं नाही. एबीएस असलेली गाडी असेल तर वर्कशॉपचा रस्ता धरायचा. आणि पेडल घट्ट लागेपर्यंत गाडी रस्त्यावर काढायची नाही.

एवढं करताना फक्त एक नियम पाळू या. पेडलवर जी बसेल तिला 'दाब' म्हणण्याआधी 'का' ते सांगायचं.