हर्शेलच्या बंदुकीचा हिशेब

हर्शेल ग्रीन हा जनावरांचा डॉक्टर. म्हातारा, देवभोळा, हातात शॉटगन. ‘द वॉकिंग डेड’च्या दुसऱ्या सीझनचा शेवटचा भाग अमेरिकेत १८ मार्च २०१२ ला दाखवला गेला. त्यात झोंबींचा कळप हर्शेलच्या शेतावर चालून येतो, गोठा पेटतो आणि म्हातारा घरासमोर ठाण मांडून बार काढत सुटतो. अशा बंदुकीत पाच-सात काडतुसं मावतात. हर्शेलची सरतच नाहीत. थांबून बंदूक भरताना तो दिसतही नाही.

जगभरच्या चाहत्यांनी त्या बंदुकीची यथेच्छ टर उडवली आणि पुढच्या सीझनकडे वळले. आमच्या अमरावतीत मात्र खटला अजून चालू आहे. माझा भाचा आणि त्याचे दोस्त कॉलेजात असताना पेनड्राइव्हवरून ही मालिका पाहायचे. ती १७७ भागांनंतर २०२२ मध्ये संपली. पोरांना नोकऱ्या लागल्या, काहींची लग्नं झाली. तरी दिवाळीला सगळे घरी आले, गिल्या वड्याच्या प्लेटा हातात आल्या, की कोणीतरी हर्शेलचं नाव काढतंच.

भाच्याचं म्हणणं सरळ आहे. “मेलेला माणूस उठून चालते, हे मी मानलं न मामा. पण काडतूस सरत नाही, हे काऊन मानू?”

मला हा मुद्दा बिनतोड वाटतो. लेखकाला एक थाप माफ असते. तिच्यावरच गोष्ट उभी राहायची असते, म्हणून आपण ती खुशीनं गिळतो. त्यापुढच्या प्रत्येक गोष्टीला पावती लागते. प्रश्न विचारत विचारत कीर्तन करणाऱ्या गाडगेबाबांच्या मुलखातले श्रोते आम्ही. पावती मागितल्याशिवाय उठत नाही.

एकदा वाद निघाला तो कळपाच्या चालीवर. त्या शेवटच्या भागाच्या सुरुवातीला अटलांटा शहरावरून हेलिकॉप्टर जातं, झोंबी त्याच्या दिशेनं चालू लागतात आणि वाटेत भर पडत कळप फुगत जातो. एवढं अंतर ते चालतील का? पोरांनी हिशेब आपल्या रस्त्यावर मांडला. अमरावती ते अकोला शंभरेक किलोमीटर. झोंबी तासाला तीन किलोमीटर चालतो, चहाला थांबत नाही, मूर्तिजापूरला उतरत नाही. म्हणजे दीड दिवसात अकोला. जून २०२२ मध्ये याच महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. त्या मजुरांनाही झोंबींनी मागं टाकलं असतं. गणित जुळलं, कळप मंजूर.

तेवढ्यात अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकलेल्या दोस्तानं हरकत घेतली. रस्त्याचं त्याला काही नव्हतं. तो म्हणाला, कळप रस्ता सोडून वावरातून येतो.

“ऑगस्टात दर्यापूरकडच्या वावरातून चालून दाखव म्हणा. पाय तिथंच राहीन अन् वरचा तेवढा अकोल्याले पोचन.”

काळ्या मातीत पावसाळ्यात जो चालला आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. ही माती पाणी प्याली की फुगते, चिकटते, दर पावलाला बुटाखाली एक थर चढवते. जिवंत माणूस पाय उपसत, शिव्या देत निघतो. फरफटत चालणारा झोंबी कपाशीच्या दोन ओळींमध्ये रोपासारखा उभा राहील. बरं, उन्हाळ्यात यावं, तर पारा पंचेचाळीसच्या पुढे. त्यात मढं किती दिवस चालतं राहणार? थोडक्यात, झोंबींना वऱ्हाड गाठायचं तर दिवाळी ते होळी एवढीच मुदत. लपायचं कुठं, यावर फार वेळ गेला नाही. कोणी नरनाळ्याचा किल्ला म्हणालं, कोणी गाविलगडाचा. गाविलगड तर डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीनं घेतला होता, आणि त्याच्याकडे जिवंत माणसंच होती.

हे सगळे हिशेब गमतीचे. पण एक हरकत अशी होती की ती पोरं फार जोरात घ्यायची, आणि ती आता कोणी घेत नाही.

पहिल्या सीझनमध्ये जिम नावाच्या माणसाला झोंबी चावतो आणि तो चावा लपवतो. शर्टावर रक्त दिसल्यावर बाकीच्यांना कळतं. झोंबींच्या प्रत्येक गोष्टीत असा एकजण असतोच. “एवढा येडा कोण असते बे?” हे तेव्हाचं ठरलेलं वाक्य. तीच गत हर्शेलच्या गोठ्याची. मेलेली बायको, सावत्र मुलगा, शेजारी, सगळे त्यानं गोठ्यात कोंडून ठेवलेले. ते आजारी आहेत, औषध निघेल, असं धरून चाललेला. जनावरांचा का होईना, डॉक्टर माणूस असं कसं वागेल?

मग करोनातला फेब्रुवारी २०२१ आला. राज्यभर निर्बंध लागले एप्रिलात. अमरावती आणि अचलपुरात २२ फेब्रुवारीलाच टाळेबंदी लागली होती. लग्नसराई ऐन भरात. दारावर कपाळाला बंदूक लावून ताप मोजायचे, म्हणून घरूनच तापाची गोळी घेऊन निघणारे लोक आम्ही पाहिले. तपासणीला जायचं नाही, कारण पॉझिटिव्ह निघालो तर घरावर कागद लागेल, मुलीचं जमलेलं मोडेल, दुकान बंद होईल. जिमपेक्षा त्यांची कारणं कितीतरी पक्की होती.

त्या वर्षानंतरच्या बैठकीत भाच्याची चुलतबहीण होती. ती अकोल्यात नर्स आहे. गोठ्याचा विषय निघाला तेव्हा पोरं सवयीनं हसली. ती म्हणाली, “माणूस गेला हे सांगितल्यावरही लोक मले मोबाइल देत होते. त्याले चार्जिंग लावून द्या म्हणत होते.” मग गोठ्यावर कोणी बोललं नाही. बंदुकीवरचा आक्षेप मात्र तिनंही कायम ठेवला. माणसं काहीही करतील, काडतूस करणार नाही, असं तिचं मत पडलं.

साथीचे रोग हाताळणाऱ्यांना या गोष्टींचं आकर्षण असतंच बहुतेक. पहिल्या सीझनच्या शेवटी, डिसेंबर २०१० मध्ये, अटलांटातली रोगनियंत्रण संस्था सीडीसीची इमारत उडते. पुढच्या मे महिन्यात खऱ्या सीडीसीनं झोंबी आले तर काय तयारी ठेवावी, याच्या सूचना काढल्या. गंमत म्हणून, पण यादीत पाणी, अन्न, औषधं, बॅटरी, म्हणजे पूर आला तरी लागेल तेच.

आता गटात नवा खटला आहे, ‘द लास्ट ऑफ अस’चा. ज्यांना शेवट कळायला नको त्यांनी इथून पुढे वाचू नये. मार्च २०२३ मधल्या पहिल्या सीझनच्या शेवटी एली या मुलीच्या मेंदूतून, माणसांचे झोंबी करणाऱ्या बुरशीवरची लस मिळेल, या आशेनं डॉक्टर शस्त्रक्रिया करणार असतात. त्यात ती मरणार. मुलीसारखा जीव लावलेला जोएल दवाखान्यात गोळीबार करतो, डॉक्टरला मारतो, तिला उचलून नेतो.

गटातला एकजण जिल्हा न्यायालयात वकिली करतो. त्यानं जोएलचं वकीलपत्र घेतलं. बुरशीजन्य आजारावर माणसासाठी मान्यता मिळालेली एकही लस आजवर नाही. एक डॉक्टर, मोडका दवाखाना, रुग्ण एकच, आणि तिलाच पहिल्या दिवशी मारायचं! लस झालीच नसती, सबब आरोपी निर्दोष. बारकाईनं ऐकलं की लक्षात येतं, हा माणूस कथानकातली चूक दाखवत नाहीये, जोएलला सोडवतोय. काडतुसांचा हिशेब मागणाऱ्याला हर्शेलचं काही वाईट करायचं नव्हतं. इथं विज्ञान साक्षीदार म्हणून उभं केलंय.

उलटतपासणी नर्सनं घेतली. “लस होणार नाही, हे जोएलले माहीत होतं काय?”

“ते रेकॉर्डवर नाही.”

“मंग बाहेर आल्यावर पोरीशी खोटं काऊन बोलला?”

वकिलानं तारीख मागितली. दुसरा सीझन पाहून बोलू म्हणाला. तो एप्रिल २०२५ मध्ये आला आणि दुसऱ्याच भागात त्या डॉक्टरच्या मुलीनं त्याच्या पक्षकाराला मारलं. सध्या वकिलाचा मुद्दा असा आहे, की वीसहून जास्त वर्षं कोणावर भरवसा न ठेवलेला माणूस अनोळखी पोरीबरोबर तिच्या मुक्कामी जाईलच कसा. त्यामुळे तो भागच तर्काला धरून नाही आणि हिशेबात धरू नये.