घड्याळ कोणाशीं जुळवावयाचें?

रे रोड स्थानक १२ डिसेंबर १९१० रोजीं कुर्ल्याहून येणाऱ्या हार्बर मार्गाचें शेवटचें स्थानक म्हणून उघडलें, तेव्हां या शहरांत दोन निरनिराळीं घड्याळें चालत होतीं. रेल्वे प्रमाणवेळ पाळीत असे. म्युनिसिपालिटीनें मात्र १९०६ नंतरही जुनी मुंबई वेळच चालू ठेविली होती. दोहोंत ३९ मिनिटांचें अंतर! दोन्हीं घड्याळें आपापल्या परीनें बरोबरच; पण ज्यास गाडी गांठावयाची त्यास म्युनिसिपालिटीचें घड्याळ कितीही अचूक असलें तरी काय उपयोग?

विद्यार्थिमित्रहो, हल्लीं तुमच्यापैकीं पुष्कळजण मायक्रोकंट्रोलर बसवून लहानसे सर्किट-बोर्ड तयार करितात, म्हणून ही जुनी हकीकत सांगितली. मायक्रोकंट्रोलर आपलें प्रत्येक काम एका नियमित ठोक्याबरोबर करितो. हा ठोका कोठून घ्यावा? "बाहेरून क्वार्ट्झ स्फटिक जोडा, म्हणजे झालें," असा सरसकट उपदेश केला जातो. तो आम्हांस मान्य नाहीं. या बोर्डास कोणाशीं जुळवून घ्यावयाचें आहे, हें आधीं विचारावें.

कुंडींतील माती सुकली कीं दिवा लावणें एवढेंच काम असेल, तर त्यास कोणाशींच जुळावयाचें नसतें. अशा वेळीं चिपमध्येंच असलेला रेझिस्टर-कपॅसिटरचा आंदोलक पुरे. तो उष्णतेनें व व्होल्टेजनें थोडा ढळतो, ढळेना! उलट तो तत्काळ सुरू होतो, आणि स्फटिकाचे पैसे वांचतात.

दुसऱ्या यंत्राशीं सीरियल तारेनें बोलावयाचें असल्यास गोष्ट निराळी. तेथें दोघांच्या ठोक्यांत दोनचार टक्क्यांहून अधिक तफावत पडली कीं अक्षरें बिघडतात. एटीमेगा ३२८पी या चिपचा आंतरिक आंदोलक कारखान्यांतून येतांना दहा टक्क्यांपर्यंत चुकीचा असूं शकतो, म्हणून त्यावर विसंबूं नये. आर्डुइनो ऊनो बोर्डावर या चिपला सिरॅमिक रेझोनेटर दिलेला असतो, व तो या कामास उत्तम चालतो.

परंतु तोच बोर्ड शाळेची घंटा वाजविण्यास लावला तर? अर्धा टक्का चूक म्हणजे दिवसाला ७ मिनिटें १२ सेकंद. दोन दिवसांत मुलांची घरीं जाण्याची लोकल चुकेल! येथें ३२,७६८ हर्ट्झचा स्फटिकच हवा. ही संख्या पंधरा वेळां निम्मी केली कीं बरोबर एक उरतो, म्हणजेच सेकंदाचा ठोका मिळतो. दशलक्षांत वीस भाग चूक धरली तरी महिन्याला मिनिटाच्या आंतच फरक पडतो. मात्र हा स्फटिक २५ अंशांच्या आसपास सर्वांत जलद असतो. त्याहून उष्ण वा थंड झाल्यास मंदावतो. रे रोडवरील एखाद्या पत्र्याच्या शेडमध्यें ४५ अंश उष्णता झाली, तर दिवसाला आणखी एक सेकंदाहून किंचित् जास्त मागें पडेल. तेथें उष्णतेचा हिशेब स्वतःच ठेवणारी डीएस३२३१ ही चिप घ्यावी. तिची चूक साधारण हवामानांत वर्षाला मिनिटाच्या आसपास असते.

लॅमिंग्टन रोडवर मुलांबरोबर खरेदीस जाणाऱ्या पालकांनीं काटकसर अवश्य करावी. कुंडीच्या दिव्यास स्फटिक नको. परंतु घंटेच्या बोर्डावर वेळेच्या चिपजवळ बसणारी ती नाण्याएवढी बॅटरी वगळूं नये. ती नसली तर वीज गेली कीं वेळ पुसली जाते, आणि दुसऱ्या दिवशीं कोणीतरी स्टूलावर चढून ती पुन्हां लावावी लागते.